सूर्यावरचे डाग

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात आम्ही पन्हाळ्याला गेलो. माझी धाकटी जाऊ कोल्हापुरात विज्ञान शिकवते. शाळेची दुर्बीण मागून आणून ती सूर्यावरचे डाग दाखवणार होती. माझी सुमी नुकतीच चौथी पास झाली होती आणि पाचवीपासून तिला आपल्याकडे कोल्हापुरात ठेवावं, असं जावेनं सुचवलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. माझी शाळा चौथीतच संपली.

कसबा बावड्यातल्या जावेच्या घरून स्टँडवर आलो आणि एसटीत बसलो. सुमी माझ्या शेजारची जागा सोडून काकीच्या मांडीवर जाऊन बसली. घाटभर दोघी खिडकीतून एकमेकींना काय काय दाखवत होत्या. मी पिशव्या धरून बसले.

गडावर तटापाशी जावेनं दुर्बीण मांडली. "डोळा लावून बघायचं न्हाय हं, आंधळी होशील," तिनं सुमीला बजावलं आणि मागे पांढरा कागद धरला. कागदावर वाटोळा सूर्य उमटला. त्यावर तिळाएवढे काळे ठिपके होते.

झुणका-भाकरी विकणारी एक म्हातारी पाटी उतरवून डोकावली. "काय बघताय, पावणं?"

"सूर्यावरचे डाग," सुमी म्हणाली.

"डाग? सोन्याचं व्हय?"

आमच्याकडे दागिन्यालाही डाग म्हणतात. आम्ही सगळ्या हसलो.

"तसंच समजा की, आज्जी," जाऊ म्हणाली. "डाग काळे, पण त्यांच्या आजूबाजूला लखलखीत जागा असतात. म्हणून डाग वाढले की सूर्य जरा जास्तच तळपतो."

"मग औंदा पाऊस दणकून?"

"इतकं सरळ न्हाय ते. फरक लई थोडा. पण समुद्र ती ऊब लगेच दाखवत न्हाय, पोटात ठेवतो. मग वाफ जास्त होते, वारं बदलतं, ढगांची वाट हलते. वरच्या हवेतही फरक पडतो. कुठं किती, ते अजून शोधतायत."

सुमी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होती. माझ्याकडे तिनं असं कधी बघितलं नव्हतं. माझ्या गळ्यात डोरलं, कानात फुलं. जावेच्या हातात नुसतं घड्याळ. म्हातारीकडून घेतलेला झुणका तिखट नव्हता, तरी मला ठसका लागला.

घाट उतरताना सुमीला गाडी लागली. काकीच्या मांडीवरून ती माझ्याकडे धावली आणि माझ्या पदरात ओकली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. जाऊ पाण्याची बाटली धरून नुसती उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते पातळ धूत होते. पत्र्याच्या भोकातून जमिनीवर कवडसा पडला होता. सुमी त्याच्यापाशी पालथी पडली होती.

"आई, ह्यात डाग दिसत न्हाईत. का गं?"

मला ठाऊक नव्हतं. काहीतरी सांगून तिला गप्प करता आलं असतं.

"काकीला इचार," मी म्हणाले. "जूनपासनं तिच्याकडंच ऱ्हायचं हाय तुला."

ती आनंदानं ओरडतच बाहेर पळाली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

पन्हाळा चांगला आहे, हवा थंड आहे. पुन्हा जायचं झालं तर खिडकीची जागा मी धरणार आणि सुमीला मांडीवर घेणार. तोवर ती मांडीत मावायची नाही.