बाबांच्या गाण्याचा बंदोबस्त

आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधली सर्वांत सुरक्षित फाइल म्हणजे बाबांचं गाणं. ते मलाही सापडत नव्हतं.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध, इंदूरहून आत्या येणार, आणि आईची इच्छा एकच : आमच्या बरखेडा वसाहतीच्या गणपतीत बाबांनी म्हटलेलं नाट्यगीत सगळ्यांना ऐकवायचं. (बाबांनी कारखान्यात जन्मभर यंत्रं जुळवली; सूर मात्र कधी जुळला नाही.) त्या व्हिडिओची एकच प्रत होती. ती हॅकरांच्या हाती पडू नये म्हणून मी, इतिहासाचा प्राध्यापक, तिचं नाव बदललं, कंटाळवाण्या फोल्डरच्या पोटात आणखी कंटाळवाणं फोल्डर करत तिला तळाशी पुरलं आणि निश्चिंत झालो. इतका निश्चिंत, की नवं नाव साफ विसरलो!

"अरे शिरू, यांचं गाणं कोण चोरणार होतं?" आई म्हणाली. "समोर बसलेलेसुद्धा उठून जायचे!"

शेवटी हरवलेल्या फायली शोधून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. कॉम्प्युटर अँब्युलन्ससारखा किंचाळू लागला. पडदा लालभडक : 'आपका कंप्यूटर खतरे में है! तुरंत फोन करें!'

मी तुरंत केला. (पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका, असं मी वर्गात रोज सांगतो.)

"सर, आपके कंप्यूटर में हैकर घुसे हैं. निकालने के लिए मुझे अंदर आने दीजिए."

मी येऊ दिलं! पडद्यावरचा बाण आपोआप हिंडू लागला, तेव्हा कुठे मला घाम फुटला.

"आई, चोर हाच आहे! आता सगळं पुसून टाकेल!" मी वायर उपटायला वाकलो.

आईनं माझी कॉलर धरली आणि फोन हिसकावला. "बेटा, अब अंदर आ ही गए हो, तो अंकल का गाना ढूँढ दो. कल उनका श्राद्ध है. हमारे प्रोफेसर ने छुपा दिया है."

बाण जागच्या जागी थबकला.

"आंटी, पहले नेट बैंकिंग खोलिए."

"हमारा सब पासबुक से होता है. तुम गाना ढूँढो."

"फाइल का नाम?"

"नाम मालूम होता तो तुम्हारी क्या जरूरत थी?"

फोनमधून एक दीर्घ उसासा आला. बाणानं साऱ्या फायली आकारानुसार लावल्या, सर्वांत मोठी उघडली (नाव होतं 'पाणीपट्टी'!), आणि बाबा गाऊ लागले.

माझा फोन आईच्या कानाला, म्हणून मी घाईघाईनं तिचा मोबाइल पडद्यासमोर धरून ते टिपून घेतलं. वरच्या सुराला बाबांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, सूर नेहमीप्रमाणे निसटला. आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. तिकडच्यानंही गाणं संपेपर्यंत बाण हलवला नाही.

"अच्छा गाते थे अंकल," तो म्हणाला.

"खोटारडा आहे मेला," आई माझ्या कानात पुटपुटली, "पण वळण चांगलं आहे."

"आंटी, अब एटीएम कार्ड का नंबर..."

मी वायर उपटली. फोन कापला. मग त्याचा नंबर कायमचा पुसायला निघालो, तोच आईनं हात धरला.

"राहू दे. उद्या आत्यांना आमच्या लग्नाचे फोटो बघायचेत. तेही तूच ठेवलेस ना?"