मी दुसऱ्यांदा म्हणलेच नाही

मैत्रिणींनो, आत्ताच लातूरच्या दवाखान्यातून घरी आले. आल्या आल्या लिहायला बसले.

मी डाळ मिलमध्ये मॅनेजर आहे. आज सकाळी एका मशीनचा पट्टा जळल्यासारखा वास आला. सुपरवायझर पवारकाकांना म्हणलं, "काका, मशीन बंद करा, आधी पट्टा बघा."

ते सगळ्यांसमोर हसले. "मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून मशीन चालवतोय मी. तुम्ही ऑफिसात बसा, चहा पाठवतो."

बाकीचेही हसले. मग मीही हसले आणि केबिनमध्ये गेले. तीन वर्षं हेच करतेय. आवाज चढवला की "बाई लई तापट हाय" होतं, म्हणून गिळायचं आणि कामाला लागायचं.

तासाभरात पट्टा तुटला. शेजारी डाळ निवडणाऱ्या शमीमआपांचा हात त्यात ओढला गेला. दोन बोटं कापावी लागली.

दवाखान्यात पवारकाका भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला त्यांचा राग येत होता. पण आपा शुद्धीवर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही बंद करा म्हणलात, ते मी ऐकलं होतं. मग परत का न्हाई म्हणलात?"



उद्या मालकांना जे घडलं ते सगळं सांगणार आहे, माझं गप्प बसणंही. तुमचं कुणी ऐकत नाही, तेव्हा तुम्ही काय करता? खरं सांगा.