बाराच्या खाली एकोणीस

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत गुरुजींनी माझ्या बोटांवर रूळ मारला, मी त्यांच्या कपाळावर पाटी मारली, शाळा तिथंच संपली. पुढं जे काही शिकलो ते मार खाऊन नाहीतर मार देऊन. कॉम्प्युटरही तसाच शिकलो.

वर्ध्यात हमरस्त्याला लागून एक मंगल कार्यालय आहे, तिथं मी राखण करतो. बुढी, म्हणजे माझी बायको, तिथंच भांडी घासायची. मागं टिनाची एक खोली आहे, त्यात आम्ही दोघं राहायचो. लेकरू झालं नाही. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती दूध आणायला रस्ता ओलांडत होती आणि ट्रकनं उडवली. ट्रकवाला थांबला नाही. मी पोचलो तेव्हा दूध आणि रक्त एकाच खड्ड्यात उतरत होतं. त्यानंतर किती तरी दिवस मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ट्रकांवर दगड मारायचो. कोणत्याही ट्रकवर. काचा फुटल्या. एका ड्रायव्हरनं खाली उतरून मला लाथा घातल्या. त्या दिवशी जरा बरं वाटलं होतं.

हॉलच्या तारखा बुढीच सांभाळायची. तिला वाचता येत नव्हतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर यायचं. हळद असली की त्या तारखेवर हळदीचं बोट, लग्न असलं की कुंकवाचं, कोणाच्या तेराव्याचं जेवण, म्हणजे तेरवी, असली की काजळाचं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात, तारखा वरून खाली उतरत जातात. बोट एक घर खाली नेलं की उद्या. मीही तिच्या शेजारी बसून तेवढंच शिकलो होतो.

ती गेल्यावर मालकांनी कॉम्प्युटर आणला.

"काका, आता बुकिंग मेलवर येते," ते म्हणाले. "सून शिकवन तुमाले. जमलं तर राहा. नाई जमलं तर मले दुसरा मानूस पायजे, अन् त्याले खोली द्या लागन."

नोकरी गेली तर गेली, मी कुठंही पोतं टाकून झोपलो असतो. पण त्या खोलीत तिची चूल होती. दाराच्या फळीवर तिच्या तेलकट हाताचा डाग होता. भिंतीवर ते कॅलेंडर होतं, मे महिन्यावर थांबलेलं, मी पुढचं पान उलटलं नव्हतं. ती खोली मला सोडायची नव्हती.

मालकांची सून शिकलेली, हळू बोलणारी. मी कळा दाबायचो तर टेबल हलायचं.

"बाबाजी, खिळा नाई ठोकून राह्यले तुमी," ती म्हणायची.

मेल म्हणजे काय, तर वर कोणाला ते लिहायचं, मग कशाबद्दल ते, खाली मजकूर, मग पाठवायचं. एकदा पाठवलं की पाठवलं. मी पहिला मेल लिहिला तो असा: हॉल खाली नाही, दुसरीकडं पाहा.

"आधी नमस्कार तरी घाला."

"ज्याले हॉल देत नाई त्याले नमस्कार कायले?"

"म्हनूनच घालाचा, बाबाजी."

कॉम्प्युटरातलं कॅलेंडर मला सोपं वाटलं. घरंच घरं. ज्या घरावर बोट ठेवलं तिथं लिहायचं, रंग द्यायचा, जतन करायचं. लग्नाला लाल, हळदीला पिवळा. तेरवीला मी काळा मागितला. ती म्हणाली, काळा नाही, राखाडी आहे. म्हटलं, राखेचाही चालते.

मग पुढच्या वर्षीचा मे महिना आला. हिंगणीकडची एक पार्टी आली होती, बाराची हळद आणि तेराचं लग्न. मी बारा शोधले, पिवळं केलं. मग बोट एक घर खाली नेलं आणि तिथं लाल केलं. आकडा पाहिला नाही. बुढीच्या कॅलेंडरात कधी पाहावा लागला नव्हता. पण या कॅलेंडरात तारखा आडव्या चालतात. बाराच्या खाली एकोणीस होते. तेरा रिकामे राहिले, आणि नागपूरच्या एका पार्टीनं मेलवर तेराच विचारले. मी नमस्कार घालून कळवलं, हॉल आहे. हिंगणीवाल्यांनाही कॅलेंडरातून आपोआप मेल गेला होता, त्यात एकोणीस लिहिलं होतं. तो कोणी उघडलाच नव्हता.

तेराला सकाळी हिंगणीची मंडळी गाद्यांवर हळदीच्या अंगानं बसून चहा पीत होती आणि फाटकात नागपूरची बस लागली. बँड वाजवतच लोक उतरले.

"हे कोन?"

"तुमी कोन? हॉल आमचा हाय."

"तुह्या बापाचा हाय काय?"

पुढं बोलणं झालं नाही. पहिली कानफटात कोणी दिली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. खुर्च्या उडाल्या. ढोलवाल्याच्या ढोलात कोणाचा तरी पाय घुसला, आणि तो ढोल पायात घेऊनच माणूस लाथा मारत होता. आचाऱ्यानं उकळतं वरण फेकलं, दोघं भाजले. एक पोरगा तोंडावर हात धरून दात शोधत होता. मी फाटक लावायला धावलो तर कोणीतरी ओरडलं, "बुकिंगवाला बुढा कोठं हाय?"

मी खोलीकडं पळालो. मागं हिंगणीच्या नवरीचा मामा आला, चाळिशीचा, बैलासारखा. दाराला लाथ घातली, फळी फुटली. तिच्या हाताच्या डागावरूनच फुटली. माझी मान धरून त्यानं मला भिंतीवर आपटलं. कॅलेंडर हाताला आलं ते ओढलं, टरकन फाटलं, आणि तेच माझ्या तोंडावर मारलं. चुलीजवळ बुढीचा लोखंडी सराटा होता, भाजी परतायचा. मी तो उचलून त्याच्या भुवईवर घातला. रक्त डोळ्यात गेलं तरी त्यानं मला सोडलं नाही. माझा हात उलटा पिरगाळला. कडकन आवाज झाला तो मलाही ऐकू आला.

तेवढ्यात हिरव्या लुगड्याची एक बाई आत आली आणि त्याचे केस धरून मागं ओढू लागली.

"सोडा त्याले. म्हातारा मरन ना. जेलात बसान अन् पोरीचं लगन राहून जाईन."

ती त्याची बायको होती. तिनं त्याला बाहेर ढकललं, पदर फाडून माझा हात बांधला आणि शेजारी पडलेला सराटा उचलून बाहेर घेऊन गेली. मी पुन्हा उचलीन म्हणून.

पोलीस आले. एक लग्न हॉलमध्ये लागलं, एक बाहेर उन्हात. दोन्हीकडचे वऱ्हाडी दवाखान्यात एकाच बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी हात उगारला. मी म्हटलं, मारा, एक हात शाबूत आहे अजून. सून मधे पडली. "कसं भरलं ते दाखवा, बाबाजी." मी बोट ठेवलं आणि खाली नेलं. तिनं माझं बोट धरून आडवं नेलं. मालक म्हणाले, "आता एक चूक झाली, का त्याच दिवशी खोली खाली." मी लाकडी पट्टी आणून कॉम्प्युटरजवळ ठेवली. बोट खाली निघालं की स्वतःच पट्टी मारायची. बोटं सुजली, पण सवय मोडली.

पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसात एक माणूस आला. भुवईवर टाक्यांची खूण होती.

"ओळखलं काय?"

"भुवईवरून."

"हात कसा हाय?"

"पावसात ठनकते."

तो बाकावर बसला. मालक दारात येऊन उभे राहिले. तो म्हणाला, "तेरवी हाय. घरचीची."

मी पट्टी खाली ठेवली. "हिरव्या लुगड्यातली?"

"हो. निंदाले गेलती. रानडुक्कर निंघालं. मी बांधावर होतो, कुऱ्हाड घेऊन धावलो, पन तवर पोट फाडून टाकलं होतं."

"डुक्कर?"

"मारलं. मेल्यावरबी मारतच होतो." तो आपल्या हातांकडं पाहत होता. "लोकायनं धरलं मले."

"मी ट्रकले दगड मारत होतो."

"लागला?"

"काचेले."

त्यानं मान हलवली. आदल्या दिवशी बावीसला भांडी घेऊन येऊ, तेवीसला जेवण, असं तो म्हणाला. मी बावीस शोधले. शनिवार. राखाडी केलं. बोट आडवं नेलं तर पुढं घरच नव्हतं, ओळ संपली होती. बोट तिथंच अडकलं. मालक पाहत होते. खाली नेलं तर एकोणतीस, तेवढं मला आता दिसत होतं. मग मी बोट उचललं आणि आकडे वाचू लागलो, पहिल्यापासून, चौथीतल्या पोरासारखा. तेवीस खालच्या ओळीत, पार डाव्या टोकाला, रविवारच्या घरात होते. तिथं राखाडी केलं.

"या खेपेला बरोबर टाकजो," तो म्हणाला.

"नाई तर?"

"दुसरी भुवई हाय माही."

मी मेल लिहिला. एका हातानं वेळ लागला. त्याच्या खिशात फोन वाजला.

"आत्ता, इथंच उघड," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."

त्यानं फोन डोळ्यांजवळ धरला. "नमस्कार. शनिवार बावीस आणि रविवार तेवीस हॉल तुमचा आहे." तो थांबला. भुवईवर हात फिरवला आणि उरलेलं हळू वाचलं. "भांडी आणू नका. इथली देतो. मी घासून ठेवतो."

मालक दारातून निघून गेले. खोलीचं काही बोलले नाहीत.