अंगावर घेतलेला आळ

"हुंगा, सर. नुसता चहा आहे."

रोज सकाळी शिक्षकखोलीत येऊन ते माझ्या तोंडावर फुंकर मारायचे. बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा सहायक होते. दारू सोडल्यापासून हा त्यांचा नेमच झाला होता. मी खडू शोधत म्हणायचो, "पटलं हो. आता चहाही कमी करा."

तुम्ही त्यांना आधी पाहायला हवं होतं. झेंडावंदनाला डुलत उभे राहायचे, मुख्याध्यापकांना शिव्या घालायचे. बायको कंटाळून लोणी काळभोरला मुलीकडे जाऊन राहिली होती. दारू सुटली तशी ती परत आली, आणि हा माणूस डब्यातली भाजी सगळ्यांना चाखायला लावू लागला. "घरची आहे," म्हणायचे. आम्ही चेष्टा करायचो, पण मला बरं वाटायचं.

मग एका दुपारी प्रयोगशाळेत आग लागली. विज्ञानाच्या नव्या बाई स्पिरिटचा दिवा जळता ठेवून पुढच्या तासाला गेल्या होत्या. पडदा पेटला, कपाट जळालं. आत कुणी नव्हतं हे नशीब. बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि घर त्यांच्यावरच चालत होतं.

मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा हे पुढे झाले. "दिवा माझ्याकडून राहिला. प्यायलो होतो, सर."

आग लागली तेव्हा ते माझ्यासमोर बसून चहा पीत होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात दाबला. त्यांचं तोंड हुंगायची तसदी कुणी घेतली नाही. नंतर म्हणाले, "गप्प राहा. पोरीची नोकरी जाईल. माझ्याबाबतीत लोकांना पुरावा लागत नाही."

"आणि वहिनींना?"

"तिला सांगितलं तर शाळेत येऊन भांडेल."

ते निलंबित झाले. बायको पुन्हा मुलीकडे निघून गेली. मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. आणि आता रागावण्याचाही कंटाळा येतो.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. आम्ही शाळेतले सगळे भेटायला गेलो. त्यांची बायको आली होती. "शेवटपर्यंत सुटली नाही हो त्यांची," ती म्हणाली.

माझ्या शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या बाई, आता कायम झालेल्या, मुख्याध्यापकांदेखत उभ्या राहिल्या. "काकू, दिवा माझ्याकडून राहिला होता. ते प्यायले नव्हते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग वहिनी उठल्या, फोटोवरचा हार उगाचच सरळ केला.

"अहो," त्या फोटोला म्हणाल्या, "मला तरी सांगायचंत."