एकदम फिट साब

कायदा चांगला होता म्हणे. आग लागो त्या चांगुलपणाला! पगारातून बीम्याचे पैसे कापले जात होते तोवर बाबांना बीमा दवाखान्यातून औषध मिळायचं. मग मिलला कुलूप लागलं. पगार बंद, कपात बंद, औषधही बंद. कापसाच्या धुळीनं छाती कामातून गेलेला माणूस मात्र चालूच होता ना!

एक रस्ता उरला होता. डॉक्टरांच्या बोर्डानं हा मिलचाच रोग आहे असं म्हटलं, तर त्याच कायद्यानं जन्मभर पेन्शन आणि इलाज. युनियनच्या पुढाऱ्यानं, सगळे भिया म्हणत त्यानं, सांगून ठेवलं होतं की बोर्ड मुख्य विचारतो ते एवढंच, सुट्टीनंतर कामावर परतलं की दम जास्त लागायचा का? धुळीच्या रोगाची तीच खूण. बाबांना तर लागायचाच. छत्रीबागेतल्या आमच्या खोलीत मी त्यांच्याकडून उत्तर घोकून घेतलं.

"खोकला आला तर दाबायचा नाही हं, बाबा."

"अगं हो बाई, मी काय कुकुलं बाळ आहे?"

पण मिलची रीत निराळी. डॉक्टर खात्यात फिरायला आला आणि कोणी खोकताना सापडला, की त्याला घरी बसवत. म्हणून डॉक्टर येतोय म्हटलं की सगळे खोकला दबावा म्हणून गुळाचा खडा गालात धरत, छाती काढून उभे राहत आणि म्हणत, "एकदम फिट साब!" नव्या माणसाला माग चालवायच्या आधी हे शिकवत.

बोर्डाच्या खोलीत मी दाराशी उभी होते. तिघांतल्या मधल्या डॉक्टरनं विचारलं, "बाबूजी, छुट्टी के बाद साँस ज़्यादा फूलती थी?"

बाबा ताडकन उठले. छाती काढली. "नहीं साब। एकदम फिट।"

"अहो, खोटं सांगतायत ते!" मी ओरडले.

"पेशंट को बोलने दीजिए।"

बाबा श्वास कोंडून उभे, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. तेही दिसलं नाही त्या तिघांना? डोळे होते की बटणं? पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

जिन्यात मी त्यांच्यावर तुटून पडले. "काय केलंत हे! सगळं पाण्यात घातलंत!"

"अगं, पांढरा कोट दिसला आणि तोंडातून निघूनच गेलं गं," बाबा म्हणाले, आणि मग दाबून ठेवलेला खोकला आला. पायरीवर बसले, डोळे पांढरे व्हायला लागले. तेवढ्यात वरून तोच डॉक्टर उतरला. मी त्याची वाट अडवली.

"ऐका ना आता, साहेब! हाच तो खोकला. लिहा ना!"

त्यानं ऐकलं. अगदी नीट ऐकलं. "बेटी, बोर्ड उठ गया। अब कुछ नहीं हो सकता।"

मी जागची हलले नाही. हलले ते बाबा. खोकत खोकत भिंतीकडे सरकले, साहेबांना उतरायला जागा व्हावी म्हणून.