तिसऱ्या अल्बमचा सौदा

जीप चालू करण्याआधी तो जीपवाला पेनड्राइव्हवर फुंकर मारायचा, टेपात खोचायचा आणि मान वळवून म्हणायचा, “पहिलं गाणं होईस्तोवर जागेवरून कोणी भांडायचं न्हाई. मंग करा काय करायचं ते.”

सेनगाव ते हिंगोली. मागं दाटीवाटीनं बसलेली माणसं, टपावर पोती आणि आत परदेशातल्या एका रॉक बँडचा धिंगाणा. रस्त्यावरच्या बाकी जीपमध्ये लग्नातली गाणी वाजायची, याच्या जीपमध्ये गोरी पोरं गिटार बडवत इंग्रजीत ओरडायची. कॉलेजातलं कुणीतरी तो पेनड्राइव्ह सीटवर विसरून गेलं होतं. मालक येईल म्हणून यानं बरेच दिवस वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता गाण्यांच्या प्रेमात पडला.

माझा धंदा बैलांच्या दलालीचा. लोकांची गुरं वळत वळत इथवर आलो, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवरून ओरडलो, “बंद कर रे हे! बाजार लागायच्या आधीच डोकं फिरवतो काय?”

“मामा, बैल न बघताच नावं ठेवता का तुमी? आधी दात तरी बघा.”

माझ्याच धंद्याची भाषा माझ्यावर उलटवणारा माणूस मला खपत नाही. म्हणून पुढच्या बाजारालाही मी त्याच्याच जीपमध्ये बसलो, त्याला जाब द्यायला. जाब राहिला बाजूला. गाणी मात्र पाठ झाली.

तुम्हीही गाणी ऐकणारी माणसं पाहिली असतील. हा गाणी राखणारा होता. पेनड्राइव्हवर त्या बँडचे दोन अल्बम होते, त्यातला पहिला म्हणजे वेसण न घातलेला गोऱ्हा. दावं तोडून पळणारी गिटार, आणि एका गाण्याच्या शेवटी कुणीतरी स्पष्ट खोकतं. तो खोकला आला की हा हसायचा. “काढून टाकता आला असता. न्हाई काढला. इमानदार माणसं हायेत.” दुसरा अल्बम त्याचा जीव की प्राण. त्यात ढोलवाला एका जागी अचानक थांबतो, गाणारा एकटाच दोन ओळी म्हणतो, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. ती जागा आली की हा गाडीचा वेग कमी करायचा. मागून बायका ओरडायच्या, “काहून थांबून राहिला रे भाऊ?” हा बोट ओठावर.

बैलाचा भाव आम्ही रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून करतो. तोंडानं आकडा निघत नाही. चहाला थांबलं की आम्ही दोघं गाण्यांचं मोल तसंच करू लागलो. एकदा एक म्हातारा शेजारी येऊन उभा राहिला. आमचं बराच वेळ जमेना, तेव्हा त्याला राहवलं नाही. “जोडी बांधली कुठं हो?”

“जीपमधी हाय, बाबा,” हा म्हणाला. “वाजून राहिली.”

माझी तक्रार आहे ती तिसऱ्या अल्बमवरून, आणि ती मी अजून सोडलेली नाही.

तिसरा मी आणला. हिंगोलीच्या मोबाइलवाल्याकडून पेनड्राइव्हवर भरून घेतला. जीपमध्ये लावला तर सुरुवातीलाच एकामागून एक संथ, रडवी गाणी. दुसऱ्याच गाण्याला यानं तो बंद केला. “यांचं वय झालं मामा. आता जू घेईनात खांद्यावर.”

मी घरी गोठ्यातल्या टेपाला पेनड्राइव्ह लावून तो पुरा ऐकला. गाणारा ओरडायचा थांबला होता. आयुष्यभर ओरडून पोट भरणाऱ्यालाच कळतं की हळू बोलायला केवढी ताकद लागते. मी याच्या मागं लागलो. चहा पाजला, शिव्या दिल्या, एसटीनं जायची धमकी दिली. दर वेळी उत्तर एकच, “आज न्हाई मामा.” हटून बसलेले शेतकरी मी हसत घरी धाडलेत. पण हा गडी माझ्यासाठी एक अल्बम पुरा ऐकेना.

मग कळलं की त्यानं जीप विकली. मेव्हण्यानं हैदराबादला कायम ड्रायव्हरकीचं जमवलं होतं. त्याच आठवड्यात मी नवा फोन घेतला आणि मोबाइलवाल्यानं दाखवलं की अल्बममधल्या गाण्यांना नंबर असतात. जीपचा टेप गाणी एबीसीडीच्या क्रमानं वाजवत होता! तिसरा अल्बम खरं तर ढोलानं सुरू होतो. ती रडवी गाणी मध्ये विखुरलेली आहेत.

शेवटच्या फेरीला मी फोन त्याच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. त्यानं फोनवरच्या यादीवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे दुसरा बी आपुन उलटासुलटाच ऐकला?”

“व्हय. त्याचा बी क्रम दाखवतो.”

“न्हाई!” त्यानं माझा हात धरला. “तिसरा लावा, बराबर क्रमानं लावा. पण दुसऱ्याला हात लावायचा न्हाई. तो आपला जसा हाय तसाच राहू द्या.”

तिसरा फोनवरून लागला. ढोल सुरू झाला तशी त्याची मान ताठ झाली. नर्सीच्या पुढं तो गाडी इतकी सावकाश चालवू लागला की मागच्यांनी दंगा केला. तरी हिंगोली आलंच. स्टँडवर जीपचा नवा मालक उभा होता, हैदराबादच्या रेल्वेची वेळ झाली होती, आणि तीन गाणी बाकी होती. किल्ली देऊन, पेनड्राइव्ह खिशात टाकून, पिशवी उचलून हा स्टेशनाकडे चालू लागला.

“अरे, कसा वाटला ते तरी सांग!” मी ओरडलो.

त्यानं नुसता हात केला.

दसऱ्याला त्याचा फोन आला. लेकरांची, पिकापाण्याची चौकशी झाली. मी मुद्दाम अल्बमचं काही विचारलं नाही. बोलता बोलता त्याच्या मागं बारीक आवाज कानावर आला. तिसऱ्याचं शेवटून दुसरं गाणं, त्या दिवशी बाकी राहिलेल्या तिनातलं.

“मामा, आवाज येऊन राहिला ना माझा? इथं गाडीत रेंज कमी हाय.”

“न्हाई रे, काहीच ऐकू येईना,” मी म्हणालो, आणि गाणं संपेपर्यंत फोन कानाला लावून बसलो.