तबकडीची झोप

दुरुस्तीच्या दुकानाची अर्धी वाट सरली तरी काकांनी पिशवी माझ्या हाती दिली नाही. आतला लॅपटॉप छातीशी धरून चालले होते. बसने केव्हाच पोचलो असतो, पण बसचे धक्के तिला सोसायचे नाहीत म्हणे. ती म्हणजे आतली हार्ड डिस्क, तबकडी फिरवून सगळं साठवणारी.

"अहो काका, बंद आहे ना तो?"

"आहे गं. तबकडी फिरायची थांबली हे कान लावून ऐकलं, मगच उचलला. पण कालपासून टकटक करतेय बया."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी चौकी आहे, तिथे एकटेच राहतात. पाण्याची पातळी बघायची, लॅपटॉपवरून खाली गावात कळवायची. विजेचा भरवसा नाही, म्हणून बॅटरी जपून वापरतात. मावशी गेल्यावर तर फारच जपू लागले. काम जरा थांबलं की तबकडीही थांबावी, अशी सोय करून ठेवली. दिवसभर वाचवलेल्या बॅटरीवर संध्याकाळी मावशीची प्रार्थना ऐकायची. तिचा आवाज तेवढा एकाच ठिकाणी उरला होता, त्या डिस्कवर.

दुरुस्तीवाल्याने यंत्र तपासलं आणि कपाळाला हात लावला. "काका, हिला घडीघडी झोपवता नि घडीघडी उठवता? अशानं माणूससुद्धा खंगेल! जरा जास्त वेळ रिकामी राहिली तरच थांबू द्या."

ज्यासाठी बचत केली, तेच आपण झिजवत होतो, हे काकांना तेव्हा कळलं.

दुरुस्तीवाला नव्या डिस्कवर नक्कल उतरवू लागला. मी मनातल्या मनात देवाला आळवत होते. शेवटी त्याने नक्कल लावून ऐकवली. प्रार्थना संपवून मावशी म्हणाली, "अहो, मिटा आता तो लॅपटॉप. माझ्याशी बोला थोडं."

दुरुस्तीवाला उगाच स्क्रू गोळा करू लागला.

परतीच्या चढावर फाटा आला. तिथून माझं घर एकीकडे, चौकी दुसरीकडे. काकांनी नवी डिस्क माझ्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे."

"आणि जुनी?"

"तिला आता विसावा. लॅपटॉपमध्ये कामापुरती दुसरी बसवून घेतलीय. ऐकावंसं वाटलं की मी तुझ्याकडे येईन." जरा थांबून म्हणाले, "पण पोरी, आल्या आल्या लावू नकोस हं. आधी मला 'बसा' म्हण. थोडं बोल माझ्याशी."